मंडळीची भाड्याची जागा विकली जातेय, त्याबद्दल सगळं एकदाच

गेले काही आठवडे इतके फोन आणि व्हॉट्सअॅप येतायत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून टाकावं असं ठरवलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांना अर्धंच माहीत आहे आणि बाहेर तर काहीच्या काही पसरलंय, कुणी म्हणतंय चर्च पाडायला घेतलं, कुणी म्हणतंय चर्चवाल्यांनी व्यापाऱ्याची जागा बळकावली, कुणी तर पाळकसाहेबांनी बिल्डरकडून पैसे घेतले इथपर्यंत गेलंय. यातलं काहीही खरं नाही. मी पंच कमिटीची सेक्रेटरी आहे, मंडळीचे कागद माझ्याकडे असतात आणि दिवसभर बँकेत कागदच बघते, त्यामुळे जे लिहितेय ते कागद समोर ठेवून लिहितेय. मालक, बिल्डर, आमच्यातलं कुणी, कुणाचंच नाव घेणार नाही. पुढेमागे याच लोकांबरोबर बसून मार्ग काढायचाय.

आधी जागेबद्दल. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या अंगाला जुनी दगडी गोदामं आहेत, त्यातलं एक आमच्याकडे भाड्याने आहे. हळदीचा व्यापार मार्केट यार्डाकडे सरकला तशी पेठेतली काही गोदामं रिकामी पडत गेली, एकात प्लायवूडवाला आला, एकात फरसाणचा कारखाना आला, आणि एकात आमची मंडळी. वर पत्रा, खाली शहाबादी, पुढे लाकडी फळ्यांचा हा एवढा मोठा दरवाजा. फरश्यांच्या सांध्यांत हळद अशी मुरलीय की आजही ओल्या फडक्याने पुसलं की फडकं पिवळं होतं, नाताळला पांढरे मोजे घालून आलेली पोरं घरी जाताना पिवळे तळवे घेऊन जातात आणि मंडळीत नवीन आलेल्या आया हमखास विचारतात हे काय लागलं ओ याच्या पायाला. समोरचा सागवानी क्रूस आमच्यातल्याच एका सुतारमामांनी केलाय, बाकी सजावट म्हणाल तर काही नाही. पण माझं लग्न इथेच लागलं, दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा इथेच झाला आणि सासऱ्यांची शेवटची उपासनाही इथूनच झाली, चाळीसेक कुटुंबं आहेत, प्रत्येकाचं असंच काही ना काही या जागेत झालंय.

आम्ही कुठल्या मोठ्या मिशनची मंडळी नाही, हे बाहेरच्या लोकांना समजत नाही म्हणून सांगते. डॉ. वानलेसनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून आपल्या भागात नर्स, कंपाउंडर, वॉर्डबॉय, टेक्निशियन अशी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत. त्यातली काही रिटायर झाल्यावर सांगलीत राहायला आली, दर रविवारी मिरजेला जाणं म्हाताऱ्या माणसांना जमेना, मग घराघरांत प्रार्थना सुरू झाली, घरं पुरेनाशी झाली आणि १९८४ साली हे गोदाम घेतलं. जुन्या मिशनच्या ज्या मंडळ्या १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आल्या त्यांच्याकडे निदान मिशनने बांधलेली देवळं, बंगले, कंपाउंड आहेत, त्यांच्या जमिनींचे वादही आहेत पण ते वेगळे. आमच्यासारख्यांकडे स्वतःच्या मालकीचं काहीच नसतं, असते ती भाडेपावती.

आणि सगळा घोळ त्या पावतीतच आहे.

तेव्हाचे मालक, म्हणजे आताच्या मालकांचे आजोबा, हळदीचे व्यापारी होते, रोज सकाळी देवदर्शन केल्याशिवाय पेढीवर न बसणारा माणूस. आमच्या लोकांनी भीतभीतच विचारलं की प्रार्थनेसाठी जागा द्याल का, तर ते म्हणाले म्हणे की देवाचं नाव घ्यायला माझी ना नाही पण माझ्या हमालांची पोरं दिवसभर बोळात हिंडत असतात, त्यांच्यासाठी सकाळची बालवाडी काढा, मग द्यायला हरकत नाही. तशी बालवाडी काढली. आमच्या रिटायर्ड नर्स असलेल्या मावश्या शिकवायच्या, पेठेतल्या हमालांची, चहावाल्याची, दोन व्यापाऱ्यांचीसुद्धा पोरं यायची, पुढे जवळच अंगणवाडी झाली तशी बालवाडी बंद पडली पण संध्याकाळची अभ्यासिका आजपण चालू आहे. पावतीवर 'बालवाडी व प्रार्थनेकरिता' असं लिहिलेलं असायचं. आणि भाडेकरूच्या नावापुढे त्या वेळच्या आमच्या एका वडिलांचं, म्हणजे मंडळीतल्या एल्डरचं नाव. मंडळीची तेव्हा ट्रस्ट म्हणून नोंदणी नव्हती, पावती कुणाच्या तरी नावाने फाडायला लागते, ते रेल्वेत कायम नोकरीला होते, मालकांचा त्यांच्यावर विश्वास होता, झालं. नोंदणी नंतर झाली पण पावतीवरचं नाव तसंच राहिलं. ते वडील वारले तरी पावती त्यांच्याच नावाने येत राहिली, मालकाला भाडं मिळत होतं, आम्हाला पावती मिळत होती, कुणाला काही वाटलं नाही.

मालकांबद्दल वाईट बोलायचं नाही असं मी मनाशी ठरवलंय आणि त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा पेठेत काय अवस्था होती हे सांगलीकरांना सांगायला नको. आमच्या गोदामात पत्र्याच्या खाली हातभर जागा सोडून सगळं पाण्यात होतं. बाजाची पेटी, खुर्च्या, गायनाची पुस्तकं, संडे स्कूलच्या मुलांची चित्रं, सगळं गेलं. कागदपत्रांची पत्र्याची ट्रंक उंच फळीवर होती तीही भिजली. पाणी उतरल्यावर चिखल काढायला आम्ही बायका साड्या खोचून आत शिरलो तेव्हा आताच्या मालकांनी, म्हणजे नातवाने, स्वतःच्या दुकानाची वाट लागलेली असताना आमच्याकडे पंप पाठवला आणि पुढचे काही महिने भाडं मागितलं नाही. हे मी विसरणार नाही आणि आज रागाने बोलणाऱ्यांनीही विसरू नये. ट्रंकेतल्या पावत्या खजिनदारांच्या मिसेसनी एकेक सुट्या करून कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने लावल्या होत्या, काहींची शाई पसरून निळा डाग तेवढा राहिलाय, काही चिकटून फाटल्या, पण १९८० च्या दशकातल्या बऱ्याचशा वाचल्या कारण त्या बॉलपेनने दाबून लिहिलेल्या आहेत आणि अक्षर नुसतं दिसत नाही तर बोटाला लागतं. तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं की यांची एवढी गरज पडणार आहे.

तर झालं असं. मालकांच्या घरात वाटण्या झाल्या, चार वारस, दोघं पुण्यात, एक कोल्हापूरला, कुणालाच गोदाम सांभाळायचं नाहीये, आणि अकराशे रुपये महिना भाड्यात चौघांच्या वाट्याला काय येणार. विकायचं ठरलं. हे मी समजू शकते. पण आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हाला कळलं पेपरातल्या जाहीर नोटिशीवरून, ती पण आमच्या नाही तर फरसाणवाल्याच्या लक्षात आली. तमाम लोकांस कळविण्यात येते वगैरे नेहमीची भाषा, सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा, आणि पुढे असं की सदर मिळकत निर्वेध, बिनबोजाची व प्रत्यक्ष मोकळ्या कब्जात असून कुणाची हरकत असल्यास १५ दिवसांत कळवावी, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. दर रविवारी जिथे शंभरावर माणसं बसतात ती जागा मोकळी आहे असं छापून आलं होतं. मी त्याच रात्री रजिस्ट्रेशन खात्याच्या साइटवर ई-सर्च करून बघितलं तर साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, आधीच झालेलं, इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या उताऱ्यात, बिल्डरचं नाव चढलेलं. आम्ही मुदतीच्या आत लेखी हरकत दिली, पोच घेतली. (कुणाला अशी नोटीस दिसली तर तोंडी बोलू नका, वकिलाला फोनवर सांगितलं म्हणून भागत नाही, लेखी द्या आणि पोच घ्या.)

मग एके दिवशी दुपारी, उपासना नसताना, दोन माणसं टेप घेऊन आली, भिंतींची मापं घेतली आणि कोपऱ्यावर लाल रंगाने खूण करून गेली. झाडलोट करणाऱ्या मावशी एकट्याच होत्या, त्यांनी विचारलं तर म्हणे तुमच्याच लोकांनी सही दिलीय.

ती सही म्हणजे त्या वारलेल्या वडिलांच्या मुलाची. तो पुण्याला असतो, चांगल्या नोकरीत आहे, आमच्याबरोबर संडे स्कूलला होता. त्याच्याकडे बिल्डरची माणसं पोचली, पावती तुमच्या वडिलांच्या नावावर आहे म्हणजे भाडेकरू तुम्हीच असं त्याला सांगितलं, आणि त्याने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र नोटरी करून दिलं की मी भाडेहक्क सोडतोय, अमुक रक्कम मिळाल्यावर माझा काही संबंध राहणार नाही. मंडळीला सात लाख आणि त्याला वेगळे, असं ठरत होतं. वेगळे किती ते मला माहीत आहे पण इथे लिहीत नाही.

त्याची बाजूपण सांगायलाच पाहिजे. तो मीटिंगला स्वतः आला, लपला नाही. म्हणाला, सुरुवातीची कितीतरी वर्षं दानपेटीत भाड्यापुरतेसुद्धा पैसे जमायचे नाहीत, तेव्हा बाबा पगारातून भरायचे, आमच्या घरात त्यावरून भांडणं व्हायची, मला कॉलेजला सायकल घेताना बाबा म्हणाले होते की या महिन्यात मंडळीचं भाडं भरायचंय, आणि आता तुम्ही म्हणता माझा काही संबंध नाही. हे बोलताना त्याचा आवाज भरून आला होता आणि हॉलमध्ये बऱ्याच जणांच्या माना खाली होत्या, कारण तो जे म्हणत होता ते खरंच आहे, जुन्या जमाखर्चाच्या वहीत त्यांच्या नावाने जमा दाखवलेले पैसे मी स्वतः बघितलेत.

पण मग त्याच्या आई उभ्या राहिल्या. त्या अजून दर रविवारी येतात, दुसऱ्या ओळीत बायकांच्या बाजूला भिंतीकडेची खुर्ची त्यांची. ऐंशीच्या पुढे वय. उभं राहायला वेळ लागला, कुणी हात द्यायला गेलं तर नको म्हणाल्या. आणि मुलाकडे बघून एवढंच म्हणाल्या की बाळा, तुझे बाबा पावती घेऊन आले की माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे ही मंडळीची आहे, आपल्या कपाटात ठेवू नको, ट्रंकेत ठेवून ये. घरची असती तर कपाटात ठेवली असती की. मग बसल्या. त्यावर मुलगा काही बोलला नाही, बाहेर जाऊन बराच वेळ गाडीत बसून होता. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात जड गेलं ते त्या माऊलीला आणि आपण कुणी तिच्यासमोर तिच्या मुलाबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही, ग्रुपवर तर अजिबात नाही.

त्या मीटिंगमध्ये तरुण संघातल्या पोरांनी बऱ्याच गोष्टी व्हॉट्सअॅपवर वाचून आणल्या होत्या, त्यातल्या तीन तर ठामपणे सांगत होते, म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही आमच्या वकीलबाईंना मंडळीतच बोलावलं आणि सगळं विचारून घेतलं. एकाचं म्हणणं होतं बारा वर्षं राहिलं की जागा आपली होते. नाही होत. भाडेकरू म्हणून आत आलेला माणूस चाळीस वर्षं राहिला तरी भाडेकरूच राहतो, दर महिन्याला भाडं भरतो म्हणजेच मालक दुसरा आहे हे तो कबूल करत असतो. दुसरा म्हणत होता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय चर्च विकता येत नाही. ती परवानगी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टने स्वतःची स्थावर मिळकत विकायची असेल तेव्हा लागते, इथे मिळकत आपली नाहीच तर आपली परवानगी कोण मागणार. तिसऱ्याने १९९१ चा उपासना स्थळांचा कायदा काढला, तो १५ ऑगस्ट १९४७ ला जे उपासनास्थळ ज्या धर्माचं होतं ते तसंच ठेवण्याबद्दल आहे, १९८४ साली भाड्याने घेतलेल्या गोदामाला तो कुठून लागणार. आणि विकायच्या आधी भाडेकरूला विचारायलाच पाहिजे, पहिला हक्क आपला, असंही बरेच जण धरून चालले होते, तसाही हक्क आपल्याला नाही. मालक कुणालाही विकू शकतो.

हे ऐकून सगळे एकदम गप्प झाले. मग बाई म्हणाल्या, आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. मालक बदलला म्हणून भाडेकरू हलत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०९ आहे, विकत घेणारा जुन्या मालकाच्या जागी येऊन बसतो, जे हक्क तेच हक्क, ज्या जबाबदाऱ्या त्याच जबाबदाऱ्या, त्यामुळे खरेदीखत झालं तरी दुसऱ्या दिवशी येऊन कुणी कुलूप लावू शकत नाही. काढायचं असेल तर कोर्टात दावा लावून, कारण देऊन काढायला लागेल. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तर कलम १६ मध्ये ती कारणं दिलेली आहेत, मालकाला खरोखर स्वतःसाठी गरज असणं वगैरे, आणि पाडून नवीन बांधायचं असेल तर त्याच्या वेगळ्या अटी आहेत, त्यात जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देण्याची तजवीजही आहे. कोर्टाशिवाय जबरदस्तीने बाहेर काढलंच तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. लाइटचं मीटर मालकांच्या नावावर आहे, ते बंद करायचा अर्ज आल्याचं लाइनमन बोलला होता, त्यावर बाई म्हणाल्या भाडे कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाला लाइट पाणी तोडता येत नाही, तसं पत्र लगेच देऊन ठेवा. दिलंय.

पण 'लागू झाला तर' असं मी वर लिहिलं ते मुद्दाम. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २ मध्येच म्हटलंय की हा कायदा राहणं, शिक्षण, धंदा, व्यापार किंवा साठवण यासाठी भाड्याने दिलेल्या जागांना लागू आहे. प्रार्थना त्या यादीत नाही. समोरचा वकील पहिल्याच दिवशी हे बोलणार, की प्रार्थनेला दिलेली जागा, हा कायदाच लागत नाही, साधी १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेपट्टा संपवतो. आणि इथे आमच्या त्या पावत्या कामाला येतात, कारण त्यावर बालवाडी आधी आणि प्रार्थना नंतर लिहिलेली आहे. थोरल्या मालकांनी हमालांच्या पोरांसाठी घातलेली अट आज आमचा सगळ्यात मोठा आधार आहे. बाईंनी दोरीवर वाळवलेल्या त्या पावत्या खिडकीशी नेऊन एकेक उजेडात धरून बघितल्या, काहींवर 'बालवाडी' स्पष्ट आहे, काहींवर नुसतं 'बा' उरलंय, त्यातल्या चांगल्या बाजूला काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या आणि या कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या, असं बजावून गेल्या.

मुलाच्या संमतीपत्राबद्दलही विचारलं. कायद्यात भाडेकरू वारल्यावर राहत्या घराच्या बाबतीत बरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क जातो आणि शाळा किंवा धंद्याच्या जागेच्या बाबतीत त्या जागेचा तसा वापर करत असलेल्या कुटुंबीयाला जातो, त्याने कधी तिथे बालवाडी चालवली नाही की अभ्यासिका, तो तर तेव्हा पुण्याला होता. शिवाय भाडं गेली तीसेक वर्षं ट्रस्टच्या खात्यातून जातंय, ऑडिटमध्ये दरवर्षी दाखवलंय. त्यामुळे त्या सहीवर फार काही उभं राहणार नाही असं बाईंचं मत आहे. निर्णय कोर्टाचा, पण मत असं आहे. ट्रस्ट नोंदलेली आहे हेही नशीब, कारण नोंदणी नसलेल्या सार्वजनिक ट्रस्टच्या वतीने दावा कोर्टात चालतच नाही, त्याला १९५० च्या विश्वस्त कायद्याचं कलम ३१ आडवं येतं.

आता मला काय वाटतं ते. मंडळीत सरळ दोन गट पडलेत. एका गटाचं म्हणणं सात लाखांचे दहा करून घ्या आणि निघा, विश्रामबागेकडे कुठेतरी हॉल बघू, कोर्टकचेरीत म्हातारी माणसं मरून जातील तरी निकाल लागणार नाही. एक तरुण तर असं म्हणाला की १९१७ साली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक मिशनचं सगळं सोडून साताऱ्याला गेले आणि देवाचा दरबार उभा केला, आपल्याला काय होतंय एक गोदाम सोडायला. त्याचं मन चांगलं आहे, पण टिळकांनी स्वतःचं स्वतःहून सोडलं होतं. इथे कुणीतरी आपल्या वतीने परस्पर सही करून टाकलीय आणि आपण त्याला त्याग म्हणायचं, हे मला मान्य नाही. दुसरा गट म्हणतो एक इंच हलायचं नाही, मालकाला दाखवून देऊ. मला हेही पटत नाही. अकराशे रुपये भाड्यात पेठेतलं एवढं गोदाम वापरणं हा काही अभिमानाने मिरवायचा हक्क नाही, मालकाच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही ते सोसलं नसतं. पूर आला तेव्हा त्याने आपल्याला सांभाळलं, आता त्याची अडचण आपण समजून घेतली पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी ते प्रत्येक मीटिंगमध्ये मांडत आलेय. जागा विकायची की नाही हे मालकाने ठरवावं, पण मंडळीचा ताबा सोडायचा की नाही हे मंडळीने ठरवावं, सगळ्यांनी, एकत्र बसून, ठराव लिहून. पावतीवर नाव असलेल्याचा मुलगा असो, पाळकसाहेब असोत, खजिनदार असोत की मी असो, कुणा एकाच्या सहीने हे होता कामा नये. बिल्डरची माणसं आमच्यातल्या चौघापाचांना वेगवेगळी भेटलीयत, कुणाला चहाला बोलावलं, कुणाच्या मुलाच्या नोकरीचं बोलले, हे मला त्या लोकांनीच येऊन सांगितलं त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. इथून पुढे कुणालाही भेटायला बोलावलं तर एकट्याने जायचं नाही, कमिटीचे तिघं जातील, जे बोलणं होईल ते रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना वाचून दाखवायचं. आपण चाळीस कुटुंबं म्हणजे काही लाखो लोक नाही, सगळ्यांना सगळं सांगायला पंधरा मिनिटं लागतात.

या पायावर सर्वसाधारण सभेत ठराव झालाय. एक, ट्रस्ट भाडं वाढवून द्यायला तयार आहे आणि पावती ट्रस्टच्या नावाने व्हावी. दोन, नवीन बांधकाम होणार असेल तर त्यात तळमजल्यावर मंडळीला आणि अभ्यासिकेला जागा मिळावी, रजिस्टर्ड करार करून, तोंडी नाही. ते होत असेल तर बांधकाम होईपर्यंत आपण खाली करून देऊ, तेवढे दिवस आपल्यातल्याच एका कुटुंबाच्या मंगल कार्यालयात उपासना घ्यायची सोय झालीय. तीन, यातलं काहीच होत नसेल तर कोर्ट. मालकांना हे पत्र रजिस्टर एडीने गेलंय. मालकांचा मला फोन आला होता, रागावलेले वाटले नाहीत, म्हणाले ताई, चौघांचं एकमत करायला मला वेळ लागेल. तोपर्यंत भाडं घ्यायचं त्यांनी थांबवलंय, बहुतेक त्यांच्या वकिलाने सांगितलं असेल. आपण दर महिन्याला मनीऑर्डर करतोय, परत येतेय, परत आलेल्या प्रत्येक मनीऑर्डरचा कागद जपून ठेवलाय, कारण भाडं थकवलं असं उद्या कुणी म्हणायला नको. थकबाकीवरून काढायचं झालं तरी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं, पण आपण ती वेळच येऊ द्यायची नाही.

इस्लामपूर, तासगाव, जत इकडच्या छोट्या मंडळ्यांतल्या ओळखीच्या लोकांनी विचारलंय की आम्ही काय काळजी घ्यावी. आजच जाऊन पावती बघा. नाव कुणाचं आहे, जागा कशासाठी दिलीय ते काय लिहिलंय, शेवटची पावती कधीची आहे. नाव एखाद्या माणसाचं असेल आणि तो माणूस हयात असेल तर त्याच्याच हाताने मालकाला पत्र द्यायला लावा की हे भाडं मंडळीचं आहे, मी फक्त नावाला आहे. तो गेल्यावर हे कुणालाच करता येत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि रजिस्टर असायला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तरी खर्च आपण करतो म्हणून सांगा आणि करून घ्या. भाडं रोख देऊ नका, ट्रस्टच्या खात्यातून चेकने किंवा ऑनलाइन द्या. पावत्यांचे फोटो काढून दोन वेगळ्या लोकांच्या फोनमध्ये ठेवा, नदीकाठच्या गावांत तर नक्कीच.

आता आमचं काम. दावा लागलाच तर विजयनगरच्या कोर्टात आम्हाला दाखवायचंय की या जागेत १९८४ पासून शाळा भरत होती. पावत्या आहेत पण त्या भिजलेल्या आहेत, आणि बालवाडीचं हजेरीपत्रक पुरात गेलं. तेव्हा ज्यांनी ज्यांनी त्या बालवाडीत बसून डबा खाल्लाय त्या सगळ्यांना विनंती आहे, तुम्ही मंडळीतले असा नसा, पेठेतले असा की आता पुण्यामुंबईत असा. गॅदरिंगचे, पंधरा ऑगस्टचे फोटो घरात असतील, मावश्यांनी दिलेली प्रगतीपुस्तकं असतील, पहिलीत दाखला घेताना दिलेला बालवाडीचा कागद असेल तर शोधा. फोटोत मागे तो लाकडी फळ्यांचा दरवाजा दिसत असेल तर फारच चांगलं. आम्हाला मूळ फोटो नको, नीट काढलेली झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो चालेल, मागे तारीख लिहिलेली असली तर मागची बाजूपण द्या. अभ्यासिका सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा ते आठ उघडी असते, तिथे मावशी असतात, त्यांच्याकडे दिलं तरी माझ्यापर्यंत पोचेल. येत्या महिनाअखेरपर्यंत मिळालं तर वकीलबाईंना यादी करायला वेळ मिळेल.